पान दोनशे अकरा

शुक्रवारच्या जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या
आणि जोडी हरवलेल्या चपलांच्या मध्ये
वीस रुपयांना मिळाली ही कादंबरी.
पुठ्ठा नाही, पहिली सोळा पानं नाहीत,
म्हणजे नाव नाही, लेखकही नाही.
विकणारा म्हणाला, "अंग्रेजी छे साहेब, जाडी छे."
जाडी बघूनच घेतली.

मी कोर्टाबाहेर टाइप करतो. तेवीस वर्षं.
भाडेकरार, नावबदल,
हरवलेल्या मार्कशीटचं सोगंदनामं.
माझं इंग्रजी तेवढंच :
व्हेअरॅज, हिअरइनआफ्टर, द सेड प्रिमायसेस.
त्यात कुणी रुसत नाही.
कुणी उगीच खिडकीशी जाऊन उभं राहत नाही.

हिच्यात मात्र ओळीओळीला असा एखादा शब्द,
गल्लीत आडवी बसलेली गाय जशी.
हटत नाही. वळसा घालावा तर गोष्ट सुटते.
आणि समासात, शिसपेन्सिलीनं,
मुंगीच्या पायांचं बारीक मराठी :

टॅसिटर्न : घुमा.
गॅरुलस : तोंडाची टकळी.
ओब्सीक्विअस : पुढेपुढे करणारा. उदा. आमचे बापूकाका.

बत्तिसाव्या पानाच्या तळाशी
कु. अंबू रणदिवे, दांडिया बाजार,
चैत्र, शके १८५६.

आता खरं सांगतो.
मी शिकलो गुजराती शाळेत,
मराठी आमच्याकडे जेवणाच्या पाटापुरतं.
टॅसिटर्नला अडलो, अर्थ बघितला,
आणि अर्थालाही अडलो.
घुमा म्हणजे काय, हे रात्री मोठ्या बहिणीला
फोन करून विचारलं.
ती म्हणाली, "अरे, अण्णा."
मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

एका दुपारी मधुकांताबेन आल्या, दिराविरुद्ध अर्ज.
गोड गोड बोलून त्यानं घर लिहून घेतलेलं.
माझी बोटं थांबली नाहीत,
द सेड ओब्सीक्विअस ब्रदर-इन-लॉ.
त्रिवेदी वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.
"आ शुं छे?"
अर्थ सांगितला.
"एवढं कोर्टाला लागत नाही. काढ."
व्हाइटनर लावला, फुंकर मारत बसलो.
बाई वाकून बघत होत्या, काय पुसलं म्हणून.
त्यांनाही सांगितला.
दाढेखाली सुपारी फोडावी तसा त्यांनी तो
तुकड्यातुकड्यानं फोडला :
ओब. सी. क्वि. अस.
"हां. एवोज छे."
अर्जाचे पैसे द्यायला विसरून, खुशीत गेल्या.
दुसऱ्या दिवशी आणून दिले.

पान दोनशे अकरा. शब्द विस्टफुल.
इथे अंबूबाईंची पेन्सिल घोटाळलेली दिसते.
उदास. खोडलंय.
आशाळभूत. दोनदा खोडलंय, कागद फाटेस्तोवर.
खाली, अक्षर आणखी बारीक :
बाबांना विचारणे.

त्यानंतर काही नाही.
चारशे अडतीसपर्यंत सगळे समास कोरे.
लग्न ठरलं असेल. किंवा बाबांनाही आला नसेल.
किंवा तोवर गोष्टच इतकी रंगली
की शब्दांसाठी थांबवेना. हेही होतं कधी.

मी पेन्सिल तासली. हुरहुर, असं लिहिणार होतो.
पण हे विशेषण, आणि हुरहुर नाम.
हुरहुरता? असं कुणी म्हणतं का?
कुणाला विचारायचं?
पेन्सिल कानावर ठेवून
त्या दिवशी चार भाडेकरार केले.

सध्या दोनशे बारावर आहे.
पहिल्या तीन ओळींत तीन शब्द अडले,
बाजूला कुणी नाही.
चौथा बघतो तर ओळखीचा निघाला!
"तोंडाची टकळी!" मी मोठ्यानं म्हणालो,
आणि शेजारचा झेरॉक्सवाला परमार
बोलता बोलता दचकून थांबला,
"कोण? हुं?"